कवडशाच्या कडेला एक काडी

सोमवार. रात्रभर आभाळ निरभ्र, वारा पडलेला. सकाळी उघड्यावरचं गवत ओलंचिंब, झाडाखालचं मात्र कोरडं.

बाहेर झाडाखाली बसून लिहायच्या वहीतली पहिली ओळ रोज अशीच. आभाळ, वारा, जमीन. मनाचं काय चाललंय ते खाली कुठेतरी, जागा उरली तर. शांत व्हायला म्हणून बाहेर जाऊन बसलं की मन स्वतःवरच पाळत ठेवतं. झालं का शांत? अजून नाही? पाचव्या मिनिटाला हात खिशातल्या फोनकडे जातो. त्यापेक्षा मनाला मोजायला काहीतरी द्यावं. थेंब, किड्यांची किरकिर, उन्हाची सरक. मोजता मोजता पाळत कधी सुटली ते कळत नाही, आणि नाहीच सुटली तरी वहीत एक आकडा तरी पडतो.

जागा एकच ठरवावी, चालत पाच मिनिटांच्या आतली. देखणी नसली तर उत्तम. देखण्या जागी माणूस फोटो काढत बसतो. एक झाड, थोडं गवत, पूर्वेला किंवा पश्चिमेला बऱ्यापैकी मोकळं आभाळ, एवढं पुरतं. बुडाखाली जाडसं बस्कर हवंच, कारण बैठक मोडते ती कंटाळ्याने कमी आणि जमिनीच्या ओलीने जास्त. वेळ २० मिनिटं. त्यातली पहिली आठ-दहा हिशेबात धरू नयेत. आपली चाहूल लागून पाखरं गप्प झालेली असतात, ती आपापल्या कामाला लागेपर्यंत फारसं काही दिसत नाही. म्हणून पाच-पाच मिनिटं चारदा बसलं की एक बैठक झाली, असं होत नाही.

इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीवर बेतलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांत आपली तब्येत चांगली आहे, आपण समाधानी आहोत असं सांगणारे जास्त निघाले. मग ती मिनिटं एका दिवसात गेलेली असोत की वाटून. मुळात धडधाकट माणूसच बाहेर जास्त पडतो, हा पेच त्यात उरतोच. पण आठवड्यात सहा बैठका आणि एक सुट्टी हा हिशेब सोयीचा आहे.

आता दव. निरभ्र रात्री गवताचं पातं आपली उष्णता सरळ आभाळात सोडून देतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. मग हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. ढग असले किंवा डोक्यावर झाडाचा घेर असला तर तिकडून उष्णता परत खाली येत राहते. वारा असला तर उबदार हवा पात्याला सारखी लागत राहते. कसंही झालं तरी दव फसतं. म्हणून झाडाच्या घेराखाली कोरडं आणि बाहेर ओलं अशी जवळजवळ आखल्यासारखी कड दिसते. ती बुंध्यापासून किती पावलांवर आहे ते मोजून ठेवावं.

इथे एक गफलत हमखास होते. पात्याच्या अगदी टोकावर एकच टपोरा थेंब लोंबत असतो, तो बहुधा दवाचा नसतो. रात्री पानांतून पाणी फारसं उडत नाही, मुळं मात्र ते वर ढकलत राहतात. वाट मिळेल तसं ते टोकाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतं. दव बाहेरून येतं, हा थेंब आतून. खात्री करायची तर झाडाखालच्या कोरड्या पट्ट्यात गुडघे टेकून बघावं. पातं कोरडं आणि टोकाला थेंब, असं दिसलं की तो आतला. माती सुकी असेल तर सापडणार नाही. मुळांनाच पाणी नाही तर वर काय ढकलतील. या थेंबात क्षार असतात, त्यामुळे तो वाळल्यावर टोकाला कधी कधी पांढुरकी खूण राहते.

दव आहे तोवर आणखी एक बघून घ्यावं. सूर्य नुकताच वर आलेला असताना त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आपल्या डोक्याची सावली दूरवरच्या गवतावर पडू द्यायची. सावलीच्या डोक्याभोवती उजळ वलय दिसतं. थेंब भिंगासारखा प्रकाश पात्यावर गोळा करतो आणि पातं तो आल्या वाटेनेच परत पाठवतं, म्हणून सूर्याच्या बरोबर उलट दिशेलाच ही चमक असते. शेजारी कोणी उभं असलं तर त्याला त्याच्याच डोक्याभोवती वलय दिसणार, आपल्या नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता संत. दिसत नसेल तर सावली फार जवळ पडलेली असते, नाहीतर गवत उंच आणि विस्कटलेलं. आखूड, दाट गवत बघावं आणि डोकं जरा हलवावं. वलय सावलीबरोबर सरकतं आणि मग नजरेतून सुटत नाही.

ऊन चढलं की वही झाडाखाली. कवडसे सगळेच बघतात, ते गोल का हे फार थोडे विचारतात. वरच्या फटी तर वेड्यावाकड्या, कुठे त्रिकोणी, कुठे नुसती चीर. जमिनीवर मात्र गोल चकत्या. प्रत्येक बारीक फट सूचिछिद्र कॅमेऱ्याचं, म्हणजे भिंगाऐवजी नुसतं बारीक भोक असलेल्या कॅमेऱ्याचं, काम करते आणि खाली पडलेली चकती म्हणजे सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणात त्याच फटींतून चंद्रकोरी सांडतात. ग्रहणाची वाट बघायची नसेल तर सूर्यावरून ढग जाताना चकतीवर लक्ष ठेवावं. ढगाची कड चित्रात उलट्या बाजूने सरकत येते.

चकती मोजताही येते. सूर्य आभाळात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे फटीपासून चकतीपर्यंतच्या अंतराला साधारण ११० ने भागलं की चकतीचा व्यास मिळतो. पाच सेंटिमीटरची चकती असेल तर फट साडेपाच मीटरवर. ऊन तिरपं असलं की चकती लांबट होते. पट्टी तेव्हा आखूड बाजूला लावायची, किंवा पांढरा कागद किरणांना काटकोनात धरून ती पुन्हा गोल करून घ्यायची. आकडा चुकतो तो बहुतेक वेळा चकतीच चुकीची निवडल्याने. खालच्या फांदीतली मोठी फट सूर्याचं चित्र काढत नाही, आपलाच आकार खाली पाडते, आणि तिची कड धारदार असते. मोजायला मऊ कडेची, जराशी फिकी, एकटी पडलेली चकती घ्यावी.

आणि मग काडी. चकतीच्या पूर्वेकडच्या कडेला ती मातीत खोचायची आणि घड्याळ बघायचं. दोन मिनिटं, फार तर सव्वादोन, की अख्खी चकती काडी ओलांडून गेलेली असते. फट जवळ असो की उंच शेंड्यात, वेळ जवळपास तोच. लांबच्या फटीची चकती मोठी, पण तिची चालही त्याच प्रमाणात मोठी. पृथ्वी फिरते हे सगळ्यांना पाठ असतं. इथे ती बस्कराशेजारी, गोगलगाईहूनही सावकाश, फिरताना दिसते. या दोन मिनिटांत पाय अवघडल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. वारा असला की मात्र खेळ बिघडतो. एखादं पान आडवं येऊन चकती विझते, शेजारी दुसरी पेटते, आणि तीच ही असं समजून मोजलं की वेळ भलताच येतो. मग तो आकडा खोडून पुन्हा पहिल्यापासून.

दुपारच्या आभाळाला दोन ओळी पुरतात. हात पूर्ण लांब करून धरलेली करंगळी आभाळाचा सुमारे एक अंश झाकते, मूठ दहा अंश. डोक्यावरच्या ढगांचे पुंजके करंगळीहून बारीक असतील तर ते फार उंचावरचे, तीन बोटांत मावत असतील तर मधल्या थरातले, मुठीएवढे असतील तर खालचे. सूर्याच्या जवळपास हे करू नये.

संध्याकाळी सगळे मावळतीकडे तोंड करून बसतात. सूर्य बुडाला की पाठ फिरवावी. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला क्षितिजालगत निळसर करडा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी झालर दिसते. करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, तिच्याच हवेवर पडलेली. ती हळूहळू वर चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत आभाळात विरून जाते. धुरकट हवेत यातलं काही दिसत नाही.

तोवर जवळच्या एखाद्या लाल फुलावर डोळा ठेवावा. दिवसा ते पानांपेक्षा उठून दिसतं. तिन्हीसांजेला आधी तेच काळं पडतं आणि पानं उजळ वाटू लागतात. उजेडातली नजर ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वांत तल्लख असते, अंधारातली ५०७ च्या आसपास. तांबड्याकडे ती जवळपास आंधळीच. ही अंधारातली नजर पुरती जागी व्हायला अर्धा तास लागतो आणि फोनच्या पडद्याकडे एकदा बघितलं की घडी विस्कटते. म्हणून शेवटच्या ओळी अंधारातच, चाचपत, मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. ओळी एकमेकींवर चढतात, चढू द्याव्या.

रातकिडे मोजायचे तर एकच निवडावा. दोन्ही पंजे कानांमागे वाडग्यासारखे धरून डोकं फिरवलं की घोळक्यातून एकाचा आवाज वेगळा निघतो. रात्र गार होत जाईल तशी किरकिर संथ होते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अमॉस डॉलबेअर यांनी १८९७ साली यावरून तापमान काढायचं सूत्र मांडलं होतं. आठ सेकंदांतली किरकिर मोजून पाच मिळवले की अंश सेल्सियस, असं त्याचं सोपं रूप सांगतात. ते अमेरिकेतल्या एका जातीच्या किड्याला लागू पडतं. दुसऱ्या जातीला लावलं तर भलतंच तापमान निघेल, पण एकाच किड्याचे तासाभराच्या अंतराने घेतलेले दोन आकडे शेजारी मांडले तरी उतार दिसतो.

उठताना काडी उपटायची नाही. उद्या त्याच मिनिटाला तीच फट सापडली तर चकती काडीपाशीच पडेलच असं नाही. दिवस आणि रात्र सारखे असतात त्या सुमारास साडेपाच मीटरवरच्या फटीची चकती दिवसाला चारेक सेंटिमीटर उत्तर-दक्षिण सरकते. सर्वांत मोठ्या किंवा लहान दिवसाच्या आसपास जेमतेम हलते. मंगळवारसाठी दुसरी काडी बस्कराखाली ठेवलेली बरी.