सँडवुड ते केप रॅथ अजून बाकीच, पण आता वाट सापडलीये (उत्तर किनारा अपडेट)

मंडळी, स्कॉटलंडहून परत आलो आम्ही दोघी, आणि नाही, सँडवुड बे ते केप रॅथ हा वायव्य टोकाचा चालायचा पट्टा अजूनही राहिलाच. पण काल रात्री नकाशा पसरून बसले असताना असं काही सुचलं की झोपच उडाली, म्हणून लगेच लिहितेय.

आधी झालेलं पटकन. डंकन्सबी स्टॅक्स (समुद्रातले सुळके) झाले, भन्नाट वारा होता. हँडा बेटाचा साधारण ६ किलोमीटरचा फेराही झाला आणि तिथल्या कड्यांवर गिलेमॉट पक्ष्यांची एवढी दाटी की कपारीत बोट ठेवायला जागा नाही, त्यात अगदी जवळून पफिन दिसले, त्या अर्ध्या तासासाठी अख्खी ट्रिप वसूल. मिजेसचा त्रास शून्य. मे महिन्याच्या सुरुवातीला जा असं मी का सांगत असते ते आता कळलं असेल, जूनमध्ये त्या चावऱ्या चिलटांमुळे तंबूबाहेर चहा पिणं मुश्कील होतं.

आता मूळ दुखणं. ब्लेअरमोरला गाडी लावायची, साधारण ६.५ किलोमीटर चालून सँडवुड बे, तिथून कड्याकडेने उत्तरेला केप रॅथचं दीपगृह, एकूण साधारण २० किलोमीटर. सँडवुडपर्यंत मळलेली वाट आहे, पुढे वाट अशी नाहीच, नुसतं पीट (दलदलीची काळी माती), गवताचे उंचवटे आणि ओढे. आणि इथे तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. स्ट्राथ शालिच नदीचं पाणी उतरलेलं हवं. पुढच्या भागात लष्कराची फायरिंग रेंज आहे, तिथे लाल झेंडा, म्हणजे गोळीबार चालू असल्याची खूण, नको. आणि दीपगृहावरून शेवटची मिनीबस मिळायला हवी, कारण ती चुकली तर काइल ऑफ डरनेस खाडी ओलांडणारी फेरीबोटपण गेली. बरं, हे सगळं जुळलं तरी उतरणार कुठे, तर खाडीपलीकडे कीओल्डेलला, आणि गाडी ब्लेअरमोरला!

या वेळी रेंजमुळे वाट बंद नव्हती, नकाशावर मार्क केलेलं सगळं बरोबर होतं, पण आदल्या रात्रभर पाऊस पडला आणि नदी फुगली. पाणी चहासारखं तपकिरी, तळ दिसत नव्हता, काठी टाकली तर ओढ थेट मनगटापर्यंत जाणवत होती. वरच्या अंगाला बरंच चालून बघितलं, उतार मिळाला असता कदाचित, पण घड्याळ मिनीबसकडे पळत होतं आणि त्या घाईत नदीत पाय घालायचा नाही हे आमचं आधीच ठरलेलं. परत फिरलो. ऊन मात्र पडलं आणि अम बुआखाय सुळका बुडापासून टोकापर्यंत स्वच्छ दिसला, ६५ मीटरचा सँडस्टोन, तासभर हललो नाही तिथून.

तर सुचलेलं असं: सगळं उलटं करायचं. गाडी आदल्या संध्याकाळी ब्लेअरमोरला, तिथून सायकलने रिकॉनिकमार्गे कीओल्डेल, साधारण ३० किलोमीटर, रात्री तिकडेच मुक्काम. सकाळी सायकली कुलूप लावून ठेवायच्या, फेरी, मिनीबस, आणि दीपगृहापासून दक्षिणेला चालत सुटायचं. म्हणजे शेवटच्या बसची टांगती तलवारच नाही! मेमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, नदीवर हवा तेवढा वेळ घालवा, वरून वळसा मारा, पलीकडे गाडी उभीच आहे. तोटा एकच, नैऋत्येचा वारा तोंडावर येणार.

हे लिहितानाच लक्षात आलं की मिनीबस साधारण मे ते सप्टेंबरच चालते आणि तीही हवामान अन् रेंजवर अवलंबून, म्हणजे एप्रिलचा जो बेत होता तो रद्द, सरळ मेचा दुसरा आठवडा. आणि मुक्कामासाठी जादा दिवस दोन ठेवते, मग हवं तर स्टोरचा ओल्ड मॅन हा सुळका गाळू.

सामानाचं: ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची नकाशा संस्था) एक्सप्लोरर ४४६ हा कागदी नकाशाच न्या, लँडरेंजर ९ पूर्ण पट्टा बघायला छान पण ओढ्यांचे बारकावे एक्सप्लोररच्या १:२५,००० नकाशावरच कळतात. नेटवर्कच्या भरवशावर तर राहूच नका. वॉटरप्रूफ मोजे पैसे वसूल. गेटर्स (बुटांवरून पोटरीला बांधायची आवरणं) मात्र ज्या ऑनलाइन दुकानातून घेतले त्यांचा पट्टा पहिल्याच दलदलीत तुटला, आता जाड कापडाचे, खाली बदलता येणारा पट्टा असलेलेच घेणार. आणि गाडीवाल्यांनो, सिंगल ट्रॅक रोडवर पासिंग प्लेसमध्ये (दुसऱ्या गाडीला वाट द्यायच्या जागेत) गाडी पार्क करून फोटो काढू नका, मागे स्थानिक लोक खोळंबतात, फार वाईट वाटतं बघून.

कोणी हा पट्टा उत्तर-दक्षिण केला असेल तर एवढं सांगा, केसगेग बेच्या उतारावर कड्याकडेने गेलात की आतल्या बाजूने? जीपीएक्स (मार्गाची जीपीएस फाइल) असेल तर फारच उत्तम.