सारंगखेड्याच्या यात्रेत, उसवलेलं जॅकेट घेऊन

नाशिकहून पहाटे साडेपाचला दुचाकीवर निघाले तेव्हा माझ्या चामडी जॅकेटची उजव्या खांद्याची शिवण चार बोटं उसवलेली होती. आत स्वेटर होता, तरी चांदवडच्या घाटात त्या फटीतून वारा असा शिरला की मालेगाव येईपर्यंत खांदा बधिर झाला. तारीख 14 डिसेंबर 2024, शनिवार, दत्तजयंती. सारंगखेड्याची यात्रा त्या दिवशी सुरू होते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठच्या या गावात एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि त्याच्या यात्रेला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मला घोडा घ्यायचा नव्हता. मला घोड्यांचा साज पाहायचा होता आणि तो शिवणाऱ्या हातांना हे जॅकेट दाखवायचं होतं. नाशकात एका ठिकाणी शिवणीवर मशीन मारून घेतलं होतं. महिनाभरात त्या टाक्यांच्या रेषेवरच चामडं फाटलं. पातळ चामड्याला जवळजवळ भोकं पडली की तिकिटांच्या पानासारखं होतं, ओढ बसली की त्या रेषेवरूनच सुटतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

लळिंगचा किल्ला मागे टाकला, धुळं ओलांडलं, सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांजवळ चहा घेतला. चिमठाण्यावरून दोंडाईचा. तिथे मिरचीचा खाट डोळ्यांत गेला आणि हेल्मेटची काच खाली ओढावी लागली. पुढे तापीचा पूल, आणि पलीकडे धूळच धूळ.

बाजार मोठा देखणा असतो. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेले मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा. लोक घोड्यांचे दात बघतात, मी तंग, म्हणजे जीन पोटाखालून आवळायचा पट्टा, आणि लगाम बघत होते. साजाच्या ओळीत जीन, तोंडावर बांधायच्या म्होरक्या, शेपटीखालून जाणाऱ्या दुमच्या, रिकिबीच्या वाद्या टांगलेल्या. बराचसा तयार माल कानपूरचा. 1857 नंतर इंग्रजांनी तिथे फौजेच्या घोड्यांसाठी साजाचा सरकारी कारखाना काढला आणि तेव्हापासून जीन म्हटलं की कानपूर, ही ओळख टिकून आहे. पण ओळीच्या टोकाला ताडपत्रीखाली एक म्हातारे चर्मकार बसले होते. मागे संत रोहिदासांची तसबीर, पुढे चामडं कापायची रापी, भोक पाडायची आरी, मेणाचा गोळा आणि पाण्याचं पातेलं. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या लगामांचा ढीग होता. सगळे त्यांना नाना म्हणत होते, मीही म्हणाले.

"आठे बस," इथे बस, असं नाना अहिराणीत म्हणाले, आणि जॅकेट हातात घेतलं. आधी नाकाला लावलं. मग अंगठ्याने बाही दाबली, बोटाला तेल लागलं तसा चेहरा पडला. "हाई काय करी टाकं माय? इतलं तेल काबरं?" इतकं तेल कशाला, असं विचारत होते.

मी सगळं सांगून टाकलं. पावसाळ्यात जॅकेटवर पांढरी बुरशी आली होती, कारण मी ते प्लास्टिकच्या कव्हरात कपाटात ठेवलं होतं. घाबरून दुपारभर गच्चीवर उन्हात टाकलं. कडक झालं म्हणून वाटीभर खोबरेल चोळलं. तीन चुका, एकापाठोपाठ एक. सांगताना मला मनापासून वाईट वाटत होतं. हे जॅकेट मी पहिल्या पगारातून घेतलं होतं आणि दहा वर्षं त्याने मला थंडीत सांभाळलं होतं.

नानांनी शिवणीजवळची कापलेली कड उलटून दाखवली. पोटात फिकट निळसर-राखाडी रेघ होती. म्हणजे हे क्रोमचं कातडं, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ आणि पातळ. मग शेजारचा तंगाचा पट्टा उलटला. आरपार तपकिरी. तो झाडाच्या सालीत कमावलेला. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे मुरवायचे. कातड्याची पिशवी शिवून, आत सालीचं पाणी भरून ती टांगायचीही पद्धत होती. दोन्ही चामडी, पण स्वभाव वेगळे. सालीच्या पट्ट्यावर पाण्याचा थेंब टाकला तर डाग गडद होत आत जिरतो. त्याला तेल हवं असतं, ते तो पितो. माझ्या जॅकेटला थेंबभर पुरे. जास्त झालेलं तेल चामडं लोळागोळा करतं, धूळ धरतं आणि सुती दोरा कुजवतं. मूळ शिवण तिथूनच गेली होती, मशीनच्या भोकांनी मग चामडंही फाडलं.

मराठीत कातडं 'कमावतात', या शब्दाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. अंग कमावतात, आवाज कमावतात, तसंच कातडं. कच्चं कातडं ओलं राहिलं की सडतं आणि सुकलं की पापड होतं. तिसरं काही व्हायचं तर कुणाचे तरी हात महिनाभर त्या वासात बुडलेले असावे लागतात. त्या हातांना गावाने वेशीबाहेर बसवलं आणि त्यांनी शिवलेल्या मोटेचं पाणी मात्र मळ्याला घेतलं. माझी आजी शिरपूरकडची. मोटेची चामडी सोंड फाटली की पाळी चुकायची आणि घरातली माणसं नव्या सोंडेसाठी कशी खोळंबायची, हे ती सांगायची. शिवणाऱ्याचं नाव मात्र तिच्या गोष्टीत कधी आलं नाही.

नानांनी फडक्याने आधी तेल टिपलं. सुकं फडकं, मग किंचित ओलं, मग पुन्हा सुकं. त्यात अर्धा तास गेला. फाटलेल्या रेषेखाली पातळ मेंढीच्या चामड्याची पट्टी चिकटवली. मग मेण ओढलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. असा टाका एका जागी तुटला तरी बाकीचे धरून राहतात, मशीनचा टाका मात्र उसवत जातो. जिनाचा टाका असाच घालतात, कारण तंग सुटला तर स्वार खाली येतो. नवं भोक त्यांनी शक्यतो पाडलं नाही, जुनीच भोकं आरीने मोकळी करून घेतली.

तेवढ्यात एक घोडेवाला हिरवा मळ धरलेली पितळी कडी घेऊन आला. चरबी-तेल पितळेला लागून राहिलं की तो हिरवट थर चढतो. नानांनी काडीला चिंधी गुंडाळून कडी साफ केली आणि त्याला सुनावलं, "घोडाले रोज पुसतस, मंग जीनले काबर नही?" घोड्याच्या घामातलं मीठ पट्ट्यात राहतं आणि खान्देशच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकला की, तोच पट्टा दुमडीवर तडकतो. माणसाच्या घामाचंही तसंच. माझ्या जॅकेटच्या कॉलरवरची काळी कड घामाचीच होती.

मी वहीत लिहून घेतलं. रोज वापरलं तर रोज सुकं फडकं. भिजलं तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत, शेगडी आणि ऊन दोन्ही लांब. बुरशी आली तर घराबाहेर नेऊन ब्रशने झाडायची. ठेवायचं ते रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती साडीच्या खोळीत. प्लास्टिक नको, चामड्याला वारा लागतो. खोबरेल तर नकोच. खान्देशच्या थंडीत ते थिजतं आणि पुढे खवट वास धरतं.

दीडशे रुपये मागितले. मी जास्त देऊ लागले तर त्यांनी वरचे पैसे परत केले आणि धोतराच्या जुन्या फडक्याचा तुकडा दिला. त्यांच्याकडून सालीत कमावलेला कंबरपट्टाही घेतला, तो तेव्हा फिकट बदामी होता.

जेवणात कळण्याची भाकरी आणि शेवभाजी. संध्याकाळी तापीवरून गार वारा सुटला. जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली आणि पुलावर वेग कमी केला. खांद्याला काही लागलं नाही. दोंडाईच्याला पेट्रोल भरताना धूळ दिसली, तेव्हा खिशातून फडकं काढलं आणि आधी कॉलर पुसली.