पट्ट्यांचे एक्सएमएल हलके करताना

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानातून हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या गोदामातील संगणकाकडे एक्सएमएल स्वरूपात, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाचे टॅग लावून, पाठवणारा प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला, तेव्हा आवकेच्या हंगामात तो इतका रखडत असे की गोदामातील दिवाणजी वजने फोनवरच उतरवून घेत. एक्सएमएल सोडून प्रोटोकॉल बफर्स हे आटोपशीर बायनरी स्वरूप घ्यावे, असा दुकानाचा आग्रह होता. परंतु पलीकडची सेवा, म्हणजे पट्ट्या स्वीकारणारा गोदामाकडचा प्रोग्राम, दुसऱ्यांची असल्याने मी आधी नेमके कोणते बाइट जातात ते तपासले.

सर्वांत मोठा भार टॅगांचा नव्हता, तर प्रत्येक पट्टीत बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, कोंबलेल्या काटापावतीच्या चित्राचा होता. या पद्धतीत दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे चित्र एक तृतीयांशाने फुगते. पलीकडची सेवा सोप या एक्सएमएल संदेशांच्या प्रोटोकॉलवर चालत असल्याने, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २००५ मध्ये शिफारस केलेल्या एमटॉम पद्धतीने चित्र मूळ बाइटांतच, संदेशाचा स्वतंत्र भाग म्हणून पाठवता आले.

शेतकऱ्यांच्या नावांची कथा अधिक रंजक होती. जुना प्रोग्राम देवनागरीतील प्रत्येक चिन्हाऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक लिपिचिन्हाला नेमून दिलेला आकडा, लिहीत असे. ‘स’ साठी २३६०, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे अँपरसँड, हॅश व अर्धविराम, असे ७ बाइट. ‘सांगली’ या शब्दात काना, अनुस्वार व वेलांटी धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे ४२ बाइट. क्रमांकाऐवजी थेट चिन्हेच यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत लिहिली तर तोच शब्द १८ बाइटांत मावतो.

टॅगांच्या पुनरुक्तीसाठी जीझिप हे मजकूर आवळणारे साधन पुरेसे ठरले. मागच्या ३२ किलोबाइटांत तोच मजकूर आढळला तर ते केवळ त्याचा निर्देश लिहिते. मात्र एकेक छोटी पट्टी वेगळी आवळली तर मागे पाहण्याजोगे फारसे काही नसते. म्हणून अनेक पट्ट्या एकाच दस्तऐवजात घातल्या, त्यामुळे दरवेळी नव्याने जोडणी करण्याचा वेळही वाचला. आवळलेली विनंती सर्व्हरने स्वीकारावी, एवढी परवानगी गोदामाकडून घ्यावी लागली. डब्ल्यू३सीचे २०११ चे ईएक्सआय हे एक्सएमएलचे बायनरी स्वरूप याहूनही आटोपशीर आहे. पण त्याचा पुरता लाभ दोन्ही बाजूंकडे एकच स्कीमा, म्हणजे रकान्यांचा ठरलेला आराखडा, असल्यावर मिळतो, आणि आमच्याकडे पट्टीतील वजावटीचे रकाने वारंवार बदलतात.

गठ्ठा फार मोठाही ठेवलेला नाही, कारण मध्येच लाइन तुटली तर तो सगळा पुन्हा पाठवावा लागतो. तीच पट्टी दोनदा पोहोचल्यास पट्टी क्रमांक पाहून सेवा दुसरी प्रत सोडून देते.