आमची वाटचाल : जुनी लँड रोव्हर, पासिंगचा कागद आणि आमचं गॅरेज

सुरुवात इंजिनाच्या कामाने झाली. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच. जुन्या फोर-व्हील गाड्यांची इंजिनं खोलायची, हेड घासायचं, रिंगा टाकायच्या, आणि गाडी पहिल्या सेल्फला उचलली की गिऱ्हाईक खूश, आपण खूश. बरीच वर्षं हेच चाललं. पण एक गोष्ट परत परत दिसायला लागली, की इंजिन आम्ही टकाटक करून दिलेली गाडी पासिंगला जाते, नापास होते, आणि कागदावर इंजिनाबद्दल एक अक्षर नसतं. चासी (गाडीचा खालचा सांगाडा), ब्रेक, स्टेअरिंग, लाईट, बस्स. म्हणजे मालक पैसे घालतोय एकीकडे आणि गाडी अडतीये दुसरीकडेच. मग आमचा धंदा तिकडे वळला, गाडी तपासणीला तयार करून द्यायची, आणि त्यातही मुख्यतः लँड रोव्हर, कारण तशाच जास्त यायला लागल्या.

ह्या गाडीची गंमत सांगतो. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा युद्ध संपून थोडीच वर्षं झालेली, स्टीलची टंचाई, म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि खाली चासी मात्र स्टीलची, सपाट पट्ट्या वेल्ड करून बनवलेली चौकोनी पेटी. त्यामुळे होतं काय की बॉडीचा पत्रा वर्षानुवर्षं चांगला दिसतो, बघणारा भुलतो, आणि खाली पेटीत चिखल जाऊन बसलेला असतो, तो ओल धरून ठेवतो आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरून काळा रंग शाबूत! तपासणारा हातोडीने ठोकत जातो, चांगल्या जागी टण् वाजतं, खराब जागी भद्द आवाज येतो आणि कधी कधी हातोडीचं टोक सरळ आतच जातं. मागचा आडवा मेंबर, बॉडी पेलायला बाजूला निघालेले हात म्हणजे आउटरिगर, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे लटकतात त्या जागा आणि पुढच्या बल्कहेडचे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचे, पाय, बहुतेक गाड्या इथेच सापडतात. आम्ही पॅचवर पॅच मारत नाही. सडलेलं पूर्ण कापायचं, चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं आणि कडेने सलग वेल्ड. टाके मारून वर पुट्टी आणि अंडरकोट फासून देणारे आहेत, ते स्वस्त पडतात, आमची काही गिऱ्हाइकं तिकडे गेली, जाऊ देत.

चाकाच्या प्लेचा, म्हणजे ढिलेपणाचा, प्रकार तर प्रत्येक नवीन पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. पुढचं चाक उचलायचं, वर आणि खाली धरून हलवायचं, प्ले आला की लगेच बेअरिंग मागवायला धावायचं नाही, दुसऱ्याला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. प्ले गेला तर हबचं बेअरिंग, राहिला तर स्विव्हल पिन, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाक जिच्यावर वळतं ती खीळ. दोन मिनिटांचं काम, पण हे न करता बेअरिंग बदलून परत नापास होऊन आलेल्या गाड्या आम्ही बघितल्यात. पाट्यांच्या सिरीज गाड्यांत, म्हणजे लँड रोव्हरच्या जुन्या मॉडेलांत, स्टेअरिंगच्या रॉडांना जॉइंटच इतके असतात की प्रत्येकात थोडा थोडा प्ले असला तरी सगळा मिळून स्टेअरिंग बोटभर नुसतंच फिरतं, आणि मालकाला त्याची इतकी सवय झालेली असते की तो म्हणतो, "अहो, ह्या गाडीचं असंच असतं." नसतं असं.

आता हँडब्रेक. हा विषय निघाला की माझा मावसभाऊ थांबत नाही. ह्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागे एक ड्रम असतो आणि तो मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा, धरतो. तिथलं ऑईल सील गळायला लागलं की लाइनर तेलात भिजतात, मग कितीही अ‍ॅडजस्ट करा, पकड येत नाही, आधी सील आणि मग लाइनर, हा क्रम. दुसरं म्हणजे चालत्या गाडीत तो ओढायचा नाही, झटका सगळा ट्रान्समिशनला बसतो. आणि कॉइल स्प्रिंगच्या गाड्या, म्हणजे १९८३ ला वन टेन आली आणि पुढच्या वर्षी नाइन्टी, ह्यांत बहुतेक चारही चाकांना कायम ड्राइव्ह असतो, त्यामुळे एकच अ‍ॅक्सल तपासणीच्या मशीनच्या रोलरवर चढवून ब्रेक तपासायचा नसतो, रस्त्यावर चालवून डिसेलरोमीटरने, म्हणजे गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो ते दाखवणाऱ्या यंत्राने, मापायचा असतो. गाडी तपासणीला नेताना आम्ही हे तिथे आधीच सांगतो, शांतपणे, कारण समोरच्याने रोज छोट्या कारच बघितलेल्या असतात.

लाईटचं थोडक्यात : इंडिकेटर लावला की टेललॅम्प मंद होतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लुकलुकतो, तर बल्ब बदलू नका, अर्थिंग बघा. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे पांढरी पावडर धरते आणि अर्थ जातो.

पण आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं ते वहीने. प्रत्येक गाडीची एक वही, तपासणीत जे शेरे आले ते सगळे तारखेसह त्यात, पास झाली तरीसुद्धा. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की गाडीचा एमओटीचा (तिथल्या दरवर्षीच्या तपासणीचा) जुना इतिहास कुणालाही ऑनलाइन बघता येतो, तिथूनच ही कल्पना घेतली. एकेक कागद वेगळा वाचला तर काही कळत नाही, पण ओळीने वाचलं की दिसतं, आधी "किंचित गंज", मग परत "गंज", मग एका वर्षी अचानक शेराच नाही आणि वेल्डिंगचीही नोंद नाही, म्हणजे वरून काहीतरी फासलंय. जुनी गाडी घेणारे लोक आता आमच्याकडे नुसते कागद वाचून घ्यायला पण येतात.

कागद हातात धरून वाद घालणारे पण येतात. "मागच्या महिन्यातच पास झालीये हो!" झाली असेल की. तपासणारा काही खोलत नाही, त्याने खोलायचं नसतंच. ड्रमच्या आत काय आहे, अ‍ॅक्सलमधलं तेल कसं आहे, हे त्याला दिसत नाही. पाण्यातून गाडी काढली आणि अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची नळी) चिखलाने बंद असला तर गरम अ‍ॅक्सल पाण्यात गार होताना सीलमधून पाणी ओढून घेतो आणि तेलाचा दुधाळ चहा होतो. गाडी त्याही अवस्थेत पास होऊ शकते. म्हणून पासिंगच्या कामाला आलेल्या गाडीचे ड्रम आम्ही उघडतोच आणि अ‍ॅक्सलचं तेल थोडं काढून बघतोच, मालक नको म्हणाला तरी.

मधे एक भीती वाटत होती. ब्रिटनने २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट दिली, असं सगळीकडे झालं तर आपलं काय, असं वाटलं. पण उलटाच अनुभव, सूट मिळालेले मालकसुद्धा स्वतःहून तपासून घेतात, कारण सूट फक्त तपासणीची आहे, गाडी रस्त्यावर धड ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते. जुन्या गाडीवर जीव असलेला माणूस हे बरोबर ओळखतो.

आता आम्ही पाचजण आहोत. इंजिनाची कामं अजून घेतो, पण गाडी खालून बघितल्याशिवाय नाही. ज्यांना यायचंय त्यांनी पासिंगच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी या, आदल्या दिवशी संध्याकाळी नको. जुने सगळे कागद आणा, नापास झालेले आधी. आणि येण्यापूर्वी खालून काळा रंग मारून आणू नका, आम्ही तो खरवडणार आहोत आणि त्याची मजुरी तुम्हालाच लागणार आहे.