नवतपातला वॅटमीटर

नागपुरात मानेवाडा रोडवरच्या एका अभ्यासिकेतले दहा जुने डेस्कटॉप बदलायचे होते. चालवणारे काकाजी निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं साधं होतं, "बिल कमी आलं पाहिजे, लाईट गेली तरी पोरांची टेस्ट अर्ध्यात बंद नाही पडली पाहिजे. अन् स्लो नको जी."

सीताबर्डीच्या आमच्या दुकानात मी तीन मशिनी मांडल्या. त्यांचाच एक जुना टॉवर, चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा. आणि इंटेल एन-१०० प्रोसेसरचे दोन मिनी पीसी, एक पंखावाला आणि एक बिनपंख्याचा, नुसत्या ॲल्युमिनियमच्या खाचांवर थंड होणारा. रास्पबेरी पाय ५ हा छोटासा कॉम्प्युटर वीज आणखी कमी खातो, पण टेस्टचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून तो आधीच बाद झाला.

कागदावर आय-५ ८४ वॅटचा, एन-१०० ६ वॅटचा. पण हा आकडा प्रोसेसर थंड ठेवायच्या हिशोबाचा आहे. बिल येतं ते अख्ख्या मशिनीने बोर्डातून ओढलेल्या विजेचं. म्हणून मी सॉकेटमध्ये वॅटमीटर लावला आणि तिन्हींना एकच काम दिलं: लेक्चरचा एक व्हिडिओ लहान करायचा. टॉवरने ९२ वॅट ओढत १५ मिनिटं घेतली, म्हणजे २३ वॅट-तास. पंखावाल्याने २३ वॅटवर १६ मिनिटं, जेमतेम ६ वॅट-तास. बिनपंख्याचाही जवळपास तेवढाच. रिकामा बसलेला टॉवर ३८ वॅट खात होता, मिनी ८. दहा मशिनी रोज बारा तास चालणार, म्हणजे नुसत्या बसण्यातच दिवसाला साडेतीन युनिटहून जास्त फरक. बिनपंख्याचा आवाज नाही, धूळ ओढत नाही, अभ्यासिकेला अगदी योग्य. माझं मन त्याच्यावरच बसलं होतं.

तरी जागेवर लावून बघितल्याशिवाय माल द्यायचा नाही, ही माझी पद्धत. नवतपातला, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, दिवस होता. अभ्यासिका वरच्या मजल्यावर, डोक्यावर टिनाचं छत. दोन्ही मिनी मॉनिटरच्या पाठीमागे, पश्चिमेच्या भिंतीला लागून बसवले. सकाळी कूलर सुरू होता, ताट्या ओल्या होत्या, दोघंही दुकानातल्यासारखेच चालले.

दीडच्या सुमारास लाईट गेली. इन्व्हर्टरवर मशिनी आणि छताचे पंखे, कूलर नाही. अर्ध्या तासात खोलीतला थर्मामीटर ४१ वर. मी दोन्हीकडे तोच व्हिडिओ पुन्हा लावला.

काकाजी बिनपंख्याच्या मीटरपाशी वाकले आणि खूश झाले. "अरे, हा तर ११ वॅटवर आला! सकाळपेक्षाही कमी खाऊन राहिला."

मी बिनपंख्याच्या वरच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. चटका बसला. तो वीज वाचवत नव्हता, त्याचा दम कोंडला होता. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो, आणि वेग उतरला की वॅटही उतरतात. शेजारच्या टेबलावर टेस्ट देणाऱ्या मुलीला मी पाच मिनिटं त्या मशिनीवर बसवलं. "दादा, प्रश्न बदलायला वेळ लागून राहिला," ती म्हणाली. टेस्टमध्ये प्रत्येक सेकंद मोजला जातो. तिची तक्रार माझ्या लेखी मीटरच्या आकड्याहून मोठी होती. तिला लगेच पंखावाल्यावर हलवलं.

पंखावाल्याने २२ वॅटवर १८ मिनिटांत काम संपवलं. बिनपंख्याला ३१ मिनिटं लागली. एकूण वीज हिशोबाने दोघांची जवळपास सारखीच. म्हणजे त्या कमी वॅटमधून काकाजींच्या हाती फारसं काही लागणार नव्हतं, पोरांचा वेळ मात्र जवळपास दुप्पट गेला असता.

बिनपंख्याची मशीन वाईट नाही. एसीच्या ऑफिसात मी आजही तीच सुचवेन. पण टिनाखाली, मे महिन्यात, भिंत आणि मॉनिटर यांच्या फटीत तिला थंड हवा मिळणार कुठून?

चारला लाईट आली. कूलरने घरघर करत पहिली ओली हवा फेकली. मी बिनपंख्यावर तोच व्हिडिओ पुन्हा लावून मीटरसमोरच बसून होतो. ११, १३, मग १६. वीसेक मिनिटांत काटा पुन्हा २० वर. काकाजींनीही ते उभ्या उभ्या पाहिलं, आणि काही वेळाने म्हणाले, "पंखावालेच लाव जी. धूळ मी पुसत जाईन."

मी वहीत दहा पंखावाले लिहिले, आणि मॉनिटरमागच्या पट्ट्या काढून मशिनी टेबलावर, भिंतीपासून हातभर दूर मांडायला घेतल्या.