पोरांसोबत गाडीने गोवा: किनाऱ्यापलीकडचं

मुलांना घेऊन गोव्यात गाडीने फिरायचं असेल तर नकाशाच्या आधी वार बघा. बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं, दाबोळीचं नौदलाचं विमान संग्रहालय सोमवारी. आणि म्हापशाकडचं नि मडगावकडचं एकाच दिवसात बसवू नका. मांडवी-झुआरीवर नवे पूल झाले, तरी संध्याकाळी पर्वरीत गाड्या तुंबायच्या त्या तुंबतातच.

ताई-भावोजी मे महिन्यात पोरांना घेऊन सांगलीहून आंबोलीमार्गे आमच्याकडे म्हापशाला आले. बांदा सोडून हद्द ओलांडली की पत्रादेवीला हुतात्मा स्मारक लागतं. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी इथे गोळ्या झाडल्या होत्या. पाय मोकळे करायला तिथेच थांबा, मुलांना सांगायला काहीतरी खरं मिळतं.

पोरांचा हट्ट अर्थातच हणजूणच्या स्प्लॅशडाउनचा. इमॅजिका पाहिलेल्यांना हे वॉटरपार्क लहान वाटेल. दहा वर्षांखालच्यांना पुरेपूर आहे. नायलॉनचे कपडे घरूनच आणा, आणि सकाळीच जा. दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही.

माझं मत विचाराल तर पैसे खरे वसूल होतात ते लोटलीच्या ‘बिग फूट’ला. फलकावर लुटोलिम दिसेल. फोंड्याहून बोरी पुलावरून जा, रस्ता सावलीचा आहे. माएंद्र आल्वारिस यांनी १९९५ मध्ये उभारलेलं हे जुन्या काळच्या गोव्याची ओळख करून देणारं छोटेखानी नमुना-गाव. ते पाहत पाहत वर गेलं की जांभ्या दगडात कोरलेली संत मीरा दिसते, सुमारे १४ मीटर लांब, तीही आडवी! १९९४ मध्ये ३० दिवसांत कोरली म्हणे. “मामा, ही तर झोपलीये!” म्हणत भाचा कठड्याला लोंबकळला. मीरेच्या हातातलं एकतारीचं वाद्य त्याला दाखवलं, तेव्हा कुठे तो गप्प झाला. जांभ्याच्या त्या भोकाभोकांच्या दगडातून चेहऱ्याची गोलाई काढायची म्हणजे कमाल आहे. मोठ्या पावलाच्या खडकावर उभं राहून इच्छा मागायची रीत आहे. ताईने काय मागितलं ते भावोजींनाही कळलेलं नाही.

दाबोळीला भावोजींना आवरणं कठीण. सी हॅरियर, आलिझे, सी हॉक, संग्रहालयातली ही सगळी विमानं उघड्यावर उभी. विमानवाहू नौकेवर जागा कमी, म्हणून सी हॉक आणि आलिझेचे पंख दुमडतात, हे पोरांना जागेवरच समजावता आलं. टोप्या मात्र हव्यातच, आवारात सावली बेताचीच. तिथून बोगमाळो किनारा अगदी जवळ आहे.

मिरामारचं विज्ञान केंद्र पावसाळ्यासाठी राखून ठेवा. रायबंदर-चोडण फेरीबोट मात्र कधीही चालेल. गाडी चढवल्यावर हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि पोरांना कठड्यापासून लांब ठेवा.

जेवणाला हॉटेल शोधत बसू नका. सकाळी पातळ भाजी, पाव नि मिरची, संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट. तिखट न खाणाऱ्यांसाठी बन्स, म्हणजे केळं घातलेल्या गोडसर पुऱ्या.

परत जाताना मंडळी चोर्ला घाटाने बेळगावकडे गेली. वाटेत साखळीजवळ हरवळ्याचा धबधबा आणि लेणी आहेत. मे महिन्यात पाणी नावापुरतंच असतं, लेणी बघा. टाकी साखळीलाच भरून घ्या आणि घाट उजेडातच चढून मोकळे व्हा.