बेचाळीस डंख आणि तीन

शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाची जागा रुग्णाच्या उशाशी असते. नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू हे सारे आकडे समोरच्या पडद्यावर सतत दिसत असतात, आणि रुग्ण बिघडू लागला की त्याची वर्दी डोळ्यांच्या आधी यंत्राच्या आवाजातून कानांना मिळते. नागपुरातल्या 19 वर्षांच्या नोकरीत मला याची इतकी सवय झाली होती की यंत्र नसताना मी किती आंधळा असतो, हे मला ठाऊकच नव्हते. ते कळले फेब्रुवारीतल्या एका रविवारी, रामटेकच्या गडावर, तेही सुट्टीच्या दिवशी.

आम्ही पाच जण शाळेपासूनचे सोबती आहोत आणि एकमेकांना आता नावाने हाक मारत नाही. वकील, बँकवाला, ठेकेदार, मास्तरीण आणि मी डॉक्टर. पहाटे निघून कामठी-कन्हानमार्गे जाताना वाटेत तर्री-पोहे खाल्ले, मनसरला वळलो आणि उजाडून थोडाच वेळ झाला असताना अंबाळा तलावाशी गाडी उभी केली. मोटारी आता थेट गडाच्या माथ्याजवळ पोहोचतात, पण आम्हाला जुन्या पायऱ्यांनी चढून, दर्शन घेऊन, पुढे डोंगराच्या धारेवरून चालत एका खडकापर्यंत जायचे होते. रामटेकचा डोंगर घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. त्या खडकावरून नालेच्या पोटातला अंबाळा आणि पलीकडे पसरलेला खिंडसी जलाशय असे दोन्ही एकाच जागेवरून दिसतात. मास्तरीण संस्कृत शिकवते. त्यामुळे कालिदासाचा रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी कसे मांडले, ते आम्हाला चढणभर ऐकावे लागले. वकील दर वेळेप्रमाणे अंगाला अत्तर फासून आला होता.

खडक शंभर-दीडशे पावलांवर असताना बँकवाल्याने कड्याच्या पोटाला लोंबणारे पोळे दाखवले. सुपाएवढे, काळपट, आणि त्याच्या पृष्ठभागावरून मधूनच पाण्यावर उठावी तशी लाट सरकत होती. आग्या मोहोळाच्या माश्या धोक्याची जाणीव झाली की पोटे उचलून अशी लाट काढतात, हे मी नंतर वाचले. त्या क्षणी मला ते फक्त सुंदर वाटले. मोहोळ कशाने उठले हे सांगता येणार नाही. खालच्या बाजूला कोणी पाचोळा पेटवला होता आणि धुराचा एक पट्टा वर येत होता, पण मधुबाज पक्ष्यानेही पोळ्यावर झडप घातली असेल. पहिला डंख वकिलाला बसला, त्याने गळ्यातला दुपट्टा फिरवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही क्षणांत त्याचे डोके दिसेनासे झाले. डंख मारताना माशी जो इशाऱ्याचा गंध सोडते त्याला पिकल्या केळ्यासारखा वास असतो आणि तो बाकीच्या माश्यांना नेमकी जागा दाखवतो. म्हणून एकदा डंख बसलेल्या माणसाने जागेवर उभे राहून हात झाडणे यासारखी दुसरी चूक नाही. ठेकेदार तळ्यात उडी मारायला निघाला होता. त्याला आवरले, कारण माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि माणसाला श्वासासाठी डोके बाहेर काढावेच लागते. तोंडे झाकून आम्ही मागे पायऱ्यांकडे पळालो. तिथल्या पूजासाहित्याच्या दुकानातली एक बाई हात हलवून ओरडत होती, "अंदर या, पोट्टेहो! मारू नोका, हात नोका मारू!" आम्ही आत शिरताच तिने बाहेरचे तट्टे ओढून घेतले आणि आमच्याबरोबर आत आलेल्या माश्या एकेक करून चपलेने मारल्या.

इथून पुढचे सांगताना मला अजूनही अवघडल्यासारखे होते.

वकिलाच्या डोक्यात, कानांवर, पापणीवर डंखच डंख होते आणि तो मोठमोठ्याने विव्हळत होता. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते आणि तिच्यासोबत तुटलेली विषाची पिशवी माशी निघून गेल्यावरही आत विष ढकलत राहते. ती बहुतेक सगळी पहिल्या मिनिटाच्या आतच रिकामी होत असल्यामुळे नांगी कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व असते. मी नखाने आणि बँकवाल्याच्या एटीएम कार्डाने भराभर नांग्या खरवडू लागलो आणि मोजू लागलो. बेचाळीस झाल्या. मास्तरणीला तीनच डंख होते, एक मानेवर आणि दोन मनगटावर. ती नारळाच्या पोत्यापाशी शांत बसली होती. मध्येच म्हणाली, "अरे, तळहात का खाजतायत एवढे?" हे वाक्य मी ऐकले, नीट ऐकले, आणि वकिलाच्या कानामागची नांगी काढत राहिलो. तळहात-तळपायांना अचानक सुटणारी खाज ही तीव्र ॲलर्जीची पहिली हाक असू शकते, असे मी स्वतः शिकाऊ डॉक्टरांना सांगत आलो आहे. थोड्या वेळाने ती म्हणाली की जीव घाबरा होतो आहे. मी तिच्याकडे वळूनही न पाहता म्हणालो, "उभी राहा जरा, फटीतून हवा घे."

ती उभी राहिली आणि तशीच खाली कोसळली.

भीतीने येणाऱ्या चक्करेत नाडी मंदावते. तिच्या मनगटावर नाडी लागत नव्हती आणि मानेत लागत होती ती वेगाने धावणारी, पण धाग्यासारखी बारीक. ओठ सुजू लागले होते, गळ्यापासून छातीकडे गांधी उठत होत्या. ॲलर्जीच्या अशा धक्क्यात, म्हणजे शॉकमध्ये, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साचते आणि हृदयाकडे परतणारे रक्त तुटपुंजे होते. अशा माणसाला उभे केले किंवा एकदम बसते केले तर रिकामे हृदय काही क्षणांत थांबू शकते. नेमके तेच मी तिला करायला लावले होते. तिला आडवे केले, पाय पोत्यावर चढवले. माझ्या पिशवीतल्या छोट्या पाकिटात पडलेला रक्तदाब उचलणाऱ्या ॲड्रेनॅलिनच्या कुप्या होत्या. एका कुपीत 1 मिलिग्रॅम. त्यातले अर्धे, म्हणजे 0.5 मिलिग्रॅम, सलवारीवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचले. ॲलर्जी म्हटली की आपल्याकडे हात आधी खाज थांबवणाऱ्या इंजेक्शनाकडे जातो. त्याने गांधी बसतात, पडलेला रक्तदाब उठत नाही. पाच मिनिटे मी तिच्या गळ्यावर बोट ठेवून बसलो. पडदा नव्हता, आवाज नव्हता. बाहेर तट्ट्यांवर माश्या आपटल्याचे टपटप तेवढे ऐकू येत होते. फरक पडला, पण पुरेसा नाही, म्हणून राहिलेले अर्धे टोचले. त्यानंतर मनगटात नाडी आली आणि ती पुटपुटली, "माझा चष्मा कुठाय?"

बँकवाल्याने 108 ला केव्हाच फोन केला होता. माश्या पांगल्यावर प्रश्न होता तो तिला खाली न्यायचे कसे. गडावरच्या दोघा-तिघांनी भल्या हेतूने खुर्ची आणली. बसवून नेणे मी साफ नाकारले आणि त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. शेवटी दुकानवाल्या बाईने आपली बाज रिकामी करून दिली. चौघांनी ती खांद्यांवर घेतली, आणि पायऱ्या उतरताना पाय खाली जाऊ नयेत म्हणून पुढच्या दोघांनी पायांकडची बाजू हातांनी उचलून धरली.

रामटेकच्या सरकारी रुग्णालयात प्राणवायू आणि सलाइन लागले. दुपारपर्यंत ती हसू लागली होती आणि घरी जायचे म्हणत होती, पण अशी लाट ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून रात्रभर देखरेखीखाली ठेवले. तिथेच तिच्या नवऱ्याकडून कळले की दोन वर्षांपूर्वी शाळेच्या आवारात तिला एक मधमाशी चावली होती आणि हात कोपरापर्यंत सुजला होता. त्या वेळी तिने मला फोनही केला होता. मी काय सांगितले ते मला आठवत नाही. तिला आठवते, पण ती सांगत नाही.

वकिलाच्या बाबतीत निष्काळजी राहून चालणार नव्हते. शेकड्यांनी डंख बसले तर ॲलर्जी नसतानाही विषाच्या मात्रेनेच स्नायू झिजतात आणि त्यातून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बेचाळीस हा आकडा त्या मानाने लहान, तरी त्याच्या लघवीचा रंग आणि रक्ततपासणी आम्ही दोन दिवस पाहिली. सर्व ठीक निघाले. तोंड भोपळ्यासारखे सुजलेल्या अवस्थेत त्याची एकच तक्रार होती, "बेचाळीस मी खाल्ले अन् खाटेवर मिरवणूक हिची!"

ती बाज परत द्यायला ठेकेदार आणि मी पुढच्या रविवारी गेलो. एक पाय उतरताना मोडला होता, तो ठेकेदाराने नवा बसवून आणला होता. बाईने पैसे घेतले नाहीत, "मॅडम बऱ्या हायत ना?" एवढे विचारून तिने आम्हाला चार नारळ मात्र विकत घ्यायला लावले.

ॲड्रेनॅलिनची स्वतःच टोचून घ्यायची तयार इंजेक्शन-पेने आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून मास्तरणीच्या पर्समध्ये आता दोन कुप्या आणि सिरिंज असतात. ॲलर्जीतज्ज्ञाकडे तपासणी चालू आहे. दरम्यान तिच्या नवऱ्याला सुई टोचायला शिकवणे माझ्याकडे आले आणि सरावासाठी मी त्याच्यापुढे मृग बहराची संत्री ठेवली, कारण सुई सालीतून आत जातानाचा हाताला जाणवणारा प्रतिकार कातडीच्या बराच जवळचा असतो. पहिली चार त्याने डोळे मिटून टोचली. मास्तरीण शेजारी बसून हात कुठे थरथरतो ते सांगत होती, आणि अकरावे संत्रे मनासारखे जमल्यावर तिने सिरिंज त्याच्या हातातून काढून घेतली व मला म्हणाली, "आता एक तू कर. बोलत बोलत नको, माझ्याकडे बघून."